बारा फुटांचा हॉल आणि पंच्याऐंशीची लेन्स

भाचा सांगलीला असतो. बारसं, डोहाळजेवण, पहिला वाढदिवस असली कामं घेतो, लग्नाची मोठी ऑर्डर अजून नाही पण गल्लीत नाव झालंय. मागच्या दिवाळीआधी त्याचा फोन, "मामा, पस्तीस हजार साठलेत, पंच्याऐंशी घेऊ का पन्नास एक पॉइंट चार?" बरं आहे का नाही, जेवला का नाही, डायरेक्ट लेन्स. (पंच्याऐंशी, पन्नास हे लेन्सचे एमएम, आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं; एक पॉइंट चारचं पुढं सांगतो.)

त्याच्याकडं काय आहे ते आधी सांगतो. कॅनन १५००डी, आणि बॉक्समध्येच आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५०. पहिली कायम कॅमेऱ्यावर, दुसरी कपाटात साड्यांच्या खाली. आणि दुखणं काय, तर एका बारशाला बाळाच्या मावशीनं स्वतःचा मोबाईल पुढं केला, ह्यात बघा मागचं कसं छान ब्लर झालंय, तुमच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात का नाही होत? पोराच्या जिव्हारी लागलं. मोबाईलचं ब्लर हिशोब करून रंगवलेलं असतं, झूम करून बघितलं तर गजऱ्याची कड अर्धी खाल्लेली दिसते, झुमक्याच्या मधल्या भोकातून मागची भिंत शार्पच दिसत राहते, हे सगळं खरं, पण ते मावशीला कोण सांगणार आणि का सांगायचं. मग ह्यानं रात्रभर व्हिडिओ बघितले आणि त्यातून एकच गोष्ट डोक्यात बसली, पोर्ट्रेट म्हणजे पंच्याऐंशीच, बाकी सगळं पोरखेळ.

मी म्हणलं घेऊ, पण आधी शेवटच्या वीस कामांचे फोटो पाठव, आणि चांगले निवडलेले नकोत, सगळे. पाठवले. वीसपैकी पंधरा कामं घरात, म्हणजे फ्लॅटचा हॉल किंवा जुन्या घरातली माजघराएवढी पुढची खोली, मागं फुग्यांची कमान नाहीतर कापडी पडदा, आणि माणसं त्याला पाठ चिकटवून बसलेली. तीन गच्चीवर, दोन हरिपूरला संगमावर. आता हे वीसातले पंधरा बघूनच मला अंदाज आला होता पण सांगून पटलं नसतं, व्हिडिओतला माणूस स्टुडिओत उभा असतो आणि त्याच्या मागं तीस फूट मोकळी जागा असते हे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून म्हणलं विकत घ्यायच्या आधी दोन दिवस भाड्यानं आणू, पन्नास १.८, पन्नास १.४ आणि पंच्याऐंशी १.८, तिन्ही. कोल्हापूरहून आणल्या, मी पण शनिवारी सांगलीला गेलो. ताईला मॉडेल केलं, तिची अट एकच, फोटो कुणाला पाठवायचे नाहीत.

पहिली रात्र गच्चीवर. इथं थोडं गणित आहे पण चहा गार होईपर्यंत संपतं. लेन्सवर एफ/१.८ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की एमएमला त्या आकड्यानं भागलं की समोरून दिसणाऱ्या उघड्या भोकाची रुंदी मिळते. पन्नासला १.८ नं भागा, जवळजवळ २८ मिलिमीटर. पन्नास १.४ असेल तर ३६. पंच्याऐंशी १.८ म्हणजे ४७. आणि त्याची किट लेन्स, म्हणजे बॉक्समध्ये आलेली १८-५५, ५५ ला एफ/५.६ च्या वर उघडत नाही, म्हणजे भोक १० मिलिमीटरपण नाही, शर्टाच्या बटणाएवढं. आणि गंमत पुढं आहे. लांब कुठंतरी एक दिवा आहे, तो फोटोत धूसर होऊन गोल चकती होतो, ती चकती आपण ज्याच्यावर फोकस केलाय त्या माणसाच्या मापानं बघितली तर बरोबर ह्या भोकाएवढीच असते. माणूस सहा फुटावर असो नाहीतर दहा, काही फरक नाही.

भाच्याला पटेना. म्हणून ताईच्या हातात दहा रुपयाचं नाणं दिलं, गालाजवळ धर म्हणलं, नाणं २७ मिलिमीटरचं असतं. मागं दूरवर रस्त्याचे दिवे. पन्नास १.८ नं फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला, आणि ताईच्या गालाजवळ एक नाणं आणि मागं अंधारात त्याच मापाची पाच-सहा नाणी. पोरगं दोन मिनिटं गप्प. मग पंच्याऐंशी लावली, चकत्या नाण्याच्या पाणीपुरीच्या पुऱ्या झाल्या, एक एक जवळपास चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. किट लेन्सवर बटणं. असल्या गोल धूसरपणाला बोके म्हणतात, शब्द जपानी आहे, १९९७ साली एका अमेरिकन मासिकानं उच्चार नीट व्हावा म्हणून शेवटी एक एच चिकटवला आणि तिथून तो जगभर झाला. हे ताईला सांगितलं तर म्हणाली, बोके तर आपल्या गच्चीवर रोज दोन येतात.

म्हणजे इथवर भाच्याचं बरोबरच निघालं. पंच्याऐंशी जिंकली, तो खूश, रात्रीच ऑर्डर टाकायला निघाला होता.

सकाळी हॉलमध्ये आलो. ताईचा हॉल बारा फूट लांब, मी टेपनं मोजला. पाठ भिंतीला लावून उभं राहिलं तरी आपलं पोट, कोपर, कॅमेरा असं मिळून दीड फूट जातंच, म्हणजे कॅमेऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत उरले साडेदहा फूट. भिंतीवर दिवाळीची एलईडीची माळ सोडली, ताईला खुर्चीवर बसवलं, मांडीवर बाळ म्हणून दुपट्यात गुंडाळलेली उशी. फ्रेम ठरवून घेतली, कंबरेपासून डोक्याच्या वर चार बोटं, कॅमेरा उभा, साधारण ऐंशी सेंटीमीटर उंचीचा भाग. सगळ्या लेन्सला हीच फ्रेम, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

पंच्याऐंशी लावली. ही फ्रेम बसवायला १५००डीच्या छोट्या सेन्सरवर, म्हणजे आतल्या चित्र पकडणाऱ्या चिपवर, सव्वादहा फूट लागतात. भाचा मागं सरकतोय, ताईची खुर्ची मागं ढकलतोय, शेवटी ताईचं डोकं माळेला टेकलं आणि भाच्याचं डोकं मागच्या शोकेसला, तेव्हा कुठं फ्रेम बसली. फोटोत माळेचा एक एक बल्ब मोजता येत होता. पाणीपुरी राहू दे, बटणपण नाही. सत्तेचाळीस मिलिमीटरचं भोक असून मागं जवळपास काहीच धूसर नाही.

मग पन्नास १.८. तीच फ्रेम सहा फुटातच बसली, म्हणजे ताईची खुर्ची भिंतीपासून साडेचार फूट पुढं ओढता आली. माळेच्या चकत्या बारा मिलिमीटरच्या, गुबगुबीत, एकमेकींवर चढलेल्या, फुग्यांची कमान असती तर तिचा नुसता रंग उरला असता. आणि मग मुद्दाम जुनी किट लेन्स ५५ ला लावली, तिला साडेसहा फुटांच्या जरा पुढं लागलं, चकत्या साडेतीन मिलिमीटरच्या, म्हणजे त्या खोलीत फुकटात आलेल्या किट लेन्सनं पंच्याऐंशीपेक्षा जास्त ब्लर दिलं. हे बघून भाच्यानं कॅमेरा खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेला.

कारण अवघड नाही. ती भोकाएवढी चकती मिळते ती मागचा दिवा खूप लांब असेल तेव्हा. भिंत जवळ असली की कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंतच्या सगळ्या अंतरात माणसाच्या मागचं अंतर किती हिश्श्याचं आहे, तेवढाच हिस्सा त्या चकतीचा मिळतो. निम्मं अंतर मागं ठेवता आलं तर निम्मी चकती. पंच्याऐंशी सगळी जागा पुढंच खाऊन टाकते, मागं शिल्लक काही ठेवत नाही. छोट्या खोलीत लेन्स जेवढी लांब तेवढं ब्लर जास्त हे उलटं होतं, आणि एवढी साधी गोष्ट कुणी सांगत नाही ह्याचा मला खरंच राग आहे, कारण आपल्याकडची निम्मी पोरं बारा फुटांच्या हॉलमध्ये कामं करतात आणि पस्तीस फुटांच्या स्टुडिओवाल्याचं ऐकून लेन्स घेतात.

आणखी एक गैरसमज तिथंच निघाला. भाच्याला वाटायचं पंच्याऐंशीत शार्प भाग जास्त बारीक असतो. फ्रेम सारखी ठेवली आणि दोन्ही १.८ ला असल्या तर शार्प पट्टा दोन्हींचा सारखाच, ह्या फ्रेमला नऊ-साडेनऊ सेंटीमीटर. म्हणजे नाक ते कान झालं की संपलं. फरक पडतो तो लांबच्या मागच्या गोष्टी किती विरघळतात त्यात, चेहऱ्यावर नाही.

१.४ चा विषय लवकर मिटला. त्या खोलीत बाराच्या जागी पंधरा मिलिमीटरची चकती, शेजारी शेजारी ठेवले तर कळतं, एकटा फोटो बघून कुणाला कळत नाही. किंमत तिप्पट. वर जुन्या आखणीच्या १.४ पूर्ण उघड्या ठेवल्या की चित्रावर हलकी दुधाळ साय येते आणि कडक उजेडात केसांच्या कडेला जांभळी रेघ, मग माणूस भोक बारीक करून एफ/२ वर आणतो, मग १.४ चे पैसे कशाला दिले.

संध्याकाळी हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणेचा संगम, समोरचा काठ लांब, झाडं लांब, म्हणजे पंच्याऐंशीचं माहेर. आणि खरंच तिथं तिनं जे दिलं ते बघून मलाच मोह झाला, ताईच्या मागं नुसता हिरवा-सोनेरी धूर. पण मी जाताना कपाटातून साड्यांच्या खालची ५५-२५० पण घेतली होती. २५० ला एफ/५.६, भागाकार करा, ४५ मिलिमीटरला जरा कमी. पंच्याऐंशीच्या सत्तेचाळीसच्या अगदी शेजारी! भाचा म्हणाला, "मामा, ही दोन वर्षं कपाटात होती?" म्हणलं हो, आणि अजून ईएमआय संपायचाय तिचा.

तिचे तोटे आहेत, लपवायला नको. तीच फ्रेम बसवायला तीस फूट मागं जावं लागतं, ताईला "हनुवटी खाली" म्हणायला ओरडावं लागत होतं, घाटावरची चार माणसं पण हनुवटी खाली करत होती. मोठ्या माणसांना चालतं, रांगणाऱ्या पोराला तीस फुटावरून कोण थांबवणार. दुसरं म्हणजे उजेड, ५.६ आणि १.८ मध्ये जवळपास दहापट फरक आहे, सूर्य नदीपलीकडं गेल्यावर २५० वाली आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा चित्र किती उजळ करतो तो आकडा) बत्तीसशेच्या पुढं पळाली तेव्हा पंच्याऐंशी चारशेच्या आतच होती. फायदा पण आहे एक, लांब लेन्समध्ये मागचा फार अरुंद तुकडा येतो, म्हणजे कपडे धुणारी बाई, उभी केलेली मोटारसायकल हे सगळं दोन पावलं सरकलं की फ्रेमच्या बाहेर.

दुपारीही एकदा काढून बघितलं होतं, ते सांगायचं राहिलं. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१.८ ठेवलं तर शटर सेकंदाच्या १/८००० इतकं जलद लागतं, १५००डी १/४००० ला थांबतो, चेहरा पांढराफटक. एकतर सावलीत जा, नाहीतर भोक एफ/२.५ च्या आसपास बारीक करा, नाहीतर लेन्सच्या पुढं गॉगलसारखा काळा एनडी फिल्टर लावा. आम्ही चिंचेखाली गेलो.

तर निर्णय. पन्नास १.८ एसटीएम (एसटीएम हे तिच्या फोकसच्या मोटरचं नाव), २०१५ ची आखणी, १६० ग्रॅम, तेव्हा दहा हजाराच्या आसपास मिळत होती. भाच्यानं आधी ओळखीतल्या एकाकडची जुनी दुसऱ्या पिढीची पन्नास अजून स्वस्तात बघितली होती, मी नको म्हणलं, तिच्यात भोक लहान-मोठं करणारी पाचच पाती, भोक जरा बारीक केलं की दिव्याच्या चकत्या पंचकोनी होतात, एसटीएमला सात आहेत आणि ती पस्तीस सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, बाळाच्या बोटांचे, पायाचे फोटो काढायला हे लागतंच. बाहेरच्या कामाला कपाटातली ५५-२५०. आणि उरलेले पंचवीस हजार तसेच ठेव म्हणलं, पंच्याऐंशीची दोन-चार बाहेरची कामं आली तर भाड्यानं आण. मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्याचं, पण त्यानं विचारलं, म्हणलं पुढं घेशील तेव्हा ही लेन्स अडॅप्टरवर चालते, आत्ता बारशाच्या पैशात नको. मिररलेसला डोळा आपोआप पकडणारा फोकस असतो हे खरं, आणि तो नसल्याची किंमत काय हे दोन आठवड्यात कळलंच.

कारण पहिलं काम डोहाळजेवणाचं आलं. नवीन लेन्स, नवीन जोश, साहेबांनी दिवसभर १.८ वर ठेवली. मला रात्री साडेअकराला फोन. पहिला घोटाळा असा की आपल्याकडं डोहाळजेवणाला बाईच्या हातात फुलांनी सजवलेला धनुष्यबाण देतात, आणि कॅमेरा होता नऊच्या नऊ फोकस पॉइंट आपोआप निवडायच्या सेटिंगवर. त्या सेटिंगला सगळ्यात जवळ जे असेल ते आवडतं. मी फोटो उघडले, बाणाच्या टोकावरची शेवंती, तिची पाकळी न् पाकळी, पाण्याचा एक थेंब, सगळं लखलखीत, आणि त्याच्या मागं एक गोड गुलाबी ढग, ती उत्सवमूर्ती. कॅमेऱ्याचा दोष नाही, त्याला शेवंतीच सांगितली होती. दुसरा घोटाळा ओटी भरतानाचा. सून शार्प, तिच्यासमोर वाकलेल्या सासूबाई धुक्यात, आणि फोटोचे पैसे सासूबाई देणार होत्या. तिसरं तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या घरानं सजावटीला फोटोपेक्षा जास्त पैसे घातले होते, मागं चंद्रकोर, झोपाळा, फुलांची नावाची पाटी, आणि फोटोत ती पाटी वाचताच येत नाही. बाईंचा निरोप आला, "दादा, फोटो छान आहेत पण आमचं डेकोरेशन कुठं गेलं?" ज्या ब्लरसाठी आम्ही दोन दिवस टेप घेऊन हिंडलो ते त्या गिऱ्हाईकाला नकोच होतं.

ते फोटो सुधारता येण्यासारखे नव्हते. नशिबानं त्यानं किटवर पण थोडे काढलेले होते, त्यातून अल्बम झाला, आणि बाळ झाल्यावर एक शूट फुकट करून देतो म्हणून सांगून आला.

मग बसून चार गोष्टी ठरवल्या. फोकस फक्त मधल्या पॉइंटवर, त्या कॅमेऱ्यात तोच सगळ्यात भरवशाचा आहे, आणि जवळच्या डोळ्यावर. पण मधल्या पॉइंटनं डोळा धरायचा आणि मग कॅमेरा हलवून फ्रेम बनवायची ह्यात नऊ सेंटीमीटरच्या पट्ट्यातला एखादा सेंटीमीटर जातो, म्हणून फ्रेम जरा सैल ठेवायची, २४ मेगापिक्सेल आहेत, नंतर कापायला भरपूर. चेहऱ्याच्या अगदी जवळच्या फोटोला हेच, तीन फुटावर जाऊन नाक मोठं करण्यापेक्षा पाच फुटावर थांबून कापलेलं बरं. आई आणि बाळ असेल तर २.८, तिथं पट्टा चौदा सेंटीमीटरचा होतो आणि बारा फुटांच्या हॉलमध्ये माळेच्या चकत्या तरी जवळपास आठ मिलिमीटरच्या राहतात, किटच्या दुपटीहून जास्त. ओटी, पाळणा, नाव ठेवायचं, जिथं चार माणसं आहेत तिथं ४ किंवा ५.६, लाजायचं काही कारण नाही, उजेड कमी पडला तर आयएसओ वाढव. १.८ फक्त एकट्या माणसाला. आणि सजावट केलेली असेल तर आधी सजावटीसकट सगळं शार्प दिसणारे दहा फोटो, किट लेन्सनं, मग बाकीची हौस.

बाळ झालं, फुकटचं शूट पण झालं. पंधरा बाय दहाचा हॉल होता, बाळाला भिंतीपासून सहा फूट पुढं चटईवर ठेवलं, मागं फक्त खिडकीतला उजेड आणि हिरव्या पडद्याचा रंग. त्यातला एक फोटो त्या घरात फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलाय, सासूबाईंनी स्वतः लावला असं कळलं.

आता कामाचा फोन आला की भाचा तारीख विचारतो आणि लगेच हॉलची लांबी विचारतो. परवा एका गृहस्थांनी फोनवरच विचारलं म्हणे, तुम्ही फोटो काढायला येणार आहात का फरशी बसवायला?